सव्वा मूठ गहू

सुरतेतली भेस्तानची खोली रिकामी करायला मी रविवारी सकाळी आठला पोचले, तेव्हा हातात चौदा कामांची यादी होती. गाद्या कुणाला, शेगडी कुणाला, विजेचं मीटर बंद करण्याचा अर्ज, मालकाकडे किल्ली, असं सगळं क्रमाने. माय जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेवढा काळ खोली कुलूपबंद होती. आता मालकाला ती हवी होती आणि मला नाही म्हणायला कारण नव्हतं.

पहिली आठ कामं साडेदहाच्या आत उरकली. एका शाळेच्या ऑफिसात मी पंचवीस वर्षं हेच करते: काम लिहायचं, करायचं, त्यावर रेघ मारायची. नववं काम होतं 'कपाट'. हिरवट लोखंडी कपाट, ज्याचं दार उघडण्याआधी थोडं वर उचलावं लागतं. मी ते सवयीने उचललं, उघडलं, आणि यादी तिथे थांबली.

दाराच्या आतल्या बाजूला वहीचे कागद चिकटवलेले होते. एकावर एक, थोडे थोडे वर सरकवून, कौलांसारखे. मैद्याच्या खळीने चिकटवलेले, म्हणून कडा झुरळांनी कुरतडल्या होत्या. सगळ्यांवर माझंच अक्षर. तळच्या कागदावर चौथीतलं गोल आणि मोठं, मग तिरकं, मग कॉलेजातलं घाईचं, मग आज आहे तसं. प्रत्येक कागदावर पाच-सहा नावं, सगळी पुरुषांची. मायला वाचता येत नव्हतं. तरी एकही कागद तिने टाकला नव्हता.

आत गव्हाचा, डांबरगोळ्यांचा आणि जुन्या खोबऱ्याचा वास होता. खालच्या कप्प्यात निळी पत्र्याची पेटी होती. तिच्यात कानबाईचं, आमच्या घरच्या देवीचं, सामान. माझ्या यादीत तिच्यासमोर मी आधीच लिहून ठेवलं होतं: 'कोसाड, दिलीपकडे'. दिलीप माझा चुलतभाऊ.

आम्ही खानदेशातले. बाप लूमवर कामाला म्हणून सुरतेत आला आणि त्याच्यामागे त्याचा मोठा भाऊ, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. दोन्ही घरं भेस्तानला एकाच गल्लीत. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, लूमखात्यात हिंदी, आणि शाळेत माझ्या वाट्याला आलेली पुस्तकातली मराठी. पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खोलीत कानबाई बसायची आणि त्या दिवशी सगळ्या भाषा बाजूला होऊन फक्त अहिराणी उरायची. नारळाला मुखवटा, नथ, हिरवा खण. समोर पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी आणि गव्हाचे जाड, गोड रोट.

रोटांचे गहू मात्र मोजून घ्यायचे असतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक पूर्ण मूठ आणि वर चिमटीत मावतील तेवढे, ती पाव. एकही नाव सुटता कामा नये आणि एकही जास्त होता कामा नये. ते रोट फक्त भाऊबंदकीतल्यांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्या कुणाच्या तोंडी कण जाऊ द्यायचा नाही. शेजारच्या हंसाबेनला माय उसनी साखर देई, ताप आला तर रात्र काढे, तिच्या मुलीच्या लग्नात आठ दिवस राबली. पण रोटाचा तुकडा तिने कधी दिला नाही. हंसाबेन दारात उभं राहून हसायची. "तमारां माताजी बहु कडक छे, बेन." माय म्हणायची, हो, आमची बाई कडक आहे, आणि तिच्या हातावर पुरणपोळी ठेवायची.

गहू आदल्या आठवड्यात धुतले जात आणि गच्चीवर धुतल्या लुगड्यावर वाळत. चिमण्या हाकलायचं काम माझं. श्रावणातलं ऊन तुकड्यातुकड्याने येई. ढग आला की मी लुगड्याची चार टोकं धरून गहू गोळा करी, ऊन आलं की पसरी. खाली लूम चालू असत. तो आवाज आम्हाला आवाज वाटायचाच नाही. आठवड्यातून एकदा लूमला सुट्टी असे तेव्हा पहाटे शांततेने जाग यायची आणि काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. ओल्या गव्हाचा वास, खाडीकडून येणारा रंगाच्या पाण्याचा वास, आणि जिन्यात कुणीतरी तापवलेलं तूप. हे तीन वास एकत्र आले की श्रावण.

चौथीत असताना बापाने मला पहिल्यांदा नावांची यादी लिहायला सांगितली, कारण माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं होतं आणि मुळात लिहिता येणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि भाऊ. नावं वयाने लिहायची. पंडित, म्हणजे मोठे बाबा. निंबा, माझा बाप. सुरेश, माझा भाऊ. मग मोठ्या बाबांचे दोघं, दिलीप आणि गोकुळ. मी लिहिली, खाली दुहेरी रेघ मारली, आणि मग माझं नाव कुठे म्हणून विचारलं.

भाऊ उंबऱ्यावर बसून पाय धूत होता. तो म्हणाला, "तुनं नाव हाजरीमा नही, तरी जेवाले तू पह्यले."

त्यावर सगळे हसले. मीही हसले असेन. पण मला ते पटलं नव्हतं, आणि एक हिशेबी समाधानही होतं. यादीत नाव नसलं तरी यादी माझ्या हातात होती.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पलसाण्याला साड्या रंगवायच्या कारखान्यात होता. सकाळी कोरा जायचा आणि संध्याकाळी रंगून यायचा. नखांच्या कडा, बोटांची पेरं, मनगटापर्यंत. जिन्यात त्याची पावलं वाजली की मी आतून ओरडायची, आज कोणता? आणि तो दारातून फक्त हात आत घालून दाखवायचा. मोरपंखी. राणी. हळदी. एकदा दोन्ही हात दोन रंगांचे होते आणि माय म्हणाली, आता तुला मुलगी कोण देणार, तिला वाटेल दोन माणसं आहेत. अंगाला एक आंबट, धुरकट वास यायचा. साबणाने रंग फिका व्हायचा, वास जायचा नाही. रोट खाताना त्याच्या बोटांचा रंग रोटाला लागतो असं मला वाटे आणि मी त्याच्या ताटातला तुकडा उलटून बघायची. लागलेला नसायचा.

मी सहावीत होते तेव्हा तो गेला. का गेला ते मी इथे लिहीत नाही. घरात त्याबद्दल दोन मतं होती आणि ती बाळगणारी दोन्ही माणसं आता नाहीत. एवढंच की सकाळी तो डबा घेऊन निघाला आणि संध्याकाळी जिना वाजला नाही. दोरीवर त्याचा पंचा होता, कडेला निळे ठसे असलेला. तो पंचा बरेच दिवस तिथेच वाळत राहिला, वाळून झाल्यावरही.

बाप शोधायला जाऊ लागला. ज्या ज्या गावात माग आणि रंग आहेत त्या त्या गावांत. भिवंडीत कुणीतरी पाहिला, इचलकरंजीत पाहिला. बाप जायचा, दोन दिवसांनी यायचा, चप्पल दाराबाहेर काढायचा आणि पाणी मागायचा. माय पाणी द्यायची. तिने कधी विचारलं नाही. चपलेच्या आवाजावरूनच तिला कळत असावं.

त्या वर्षी श्रावणात मी नेहमीची यादी लिहिली. पाच नावं. मायने पाच वेळा सव्वा मूठ घेतली. दुसऱ्या वर्षीही पाच. तेव्हा मोठे बाबा बापाजवळ काहीतरी पुटपुटले आणि बाप उठून बाहेर गेला.

तिसऱ्या वर्षी मी आठवीत होते आणि वर्गाची हजेरी माझ्याकडे होती. त्याचा मला फार अभिमान होता. बाईंनी मला नियम शिकवला होता: विद्यार्थी सतत गैरहजर असेल, घरून काही कळवलेलं नसेल, तर नाव कमी करायचं. 'कमी केलं' असं लाल शाईत लिहायचं आणि पुढचे नंबर वर सरकवायचे. त्यात वाईट काही नाही, बाई म्हणाल्या होत्या, पट खरा राहिला पाहिजे.

तर मी पट खरा केला. त्या श्रावणात मी चार नावं लिहिली.

आमच्या घरी मोजायची रीत अशी होती. माय न्हाऊन पाटावर बसायची, समोर परातीत गहू, बाजूला पितळी डबा. मी नाव वाचायचं, तिने मूठ भरून डब्यात टाकायची, मग पाव, मग मी पुढचं नाव वाचायचं. एकदा बसलं की सगळी नावं होईपर्यंत उठायचं नाही. दुपारी अकराचा सुमार असेल. मी वाचलं, पंडित. गहू डब्यात पडले. निंबा. पडले. दिलीप.

तिचा हात परातीत होता. तो तिथेच राहिला.

मी पुन्हा वाचलं, दिलीप. माय गव्हाकडे बघत होती.

"मांगे कोन ऱ्हायनं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, कुणीच मागे राहिलेलं नाही, यादीत एवढेच आहेत. आणि नियम सांगितला. तिसरं वर्ष लागलं, काही कळवलेलं नाही, शाळेत असं असेल तर नाव कमी करतात. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मारेल. दोन्हीसाठी मी तयार होते. तिने दोन्ही केलं नाही. गव्हात मनगटापर्यंत रुतलेला हात तसाच ठेवून ती म्हणाली, "मी बठेल शे. माले घाई नही."

आणि ती बसली.

त्यानंतरचा वेळ मला आजही मिनिटांत सांगता येणार नाही, आणि मी मिनिटं मोजणारी बाई आहे. नळाला पाणी आलं आणि गेलं. हंसाबेनने गॅलरीतून काहीतरी विचारलं, उत्तर मिळालं नाही. खाली लूम चालू होते. मी यादी हातात धरून उभी होते, मग बसले, मग पुन्हा उभी राहिले. हट्ट माझाही कमी नव्हता. मी बरोबर आहे हे मला माहीत होतं. पण बरोबर असण्याचा काही उपयोग होत नव्हता, कारण समोरचा माणूस भांडतच नव्हता. तिचा हात गव्हात होता, पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले. चेहऱ्यावर राग नाही, दुःखही नाही. बस येणार हे ठाऊक असलेलं माणूस थांब्यावर बसतं तशी ती बसली होती.

मग मोठे बाबा आले. दळणाला उशीर का होतोय ते बघायला. मायने डाव्या हाताने पदर पुढे ओढला. ते तिचे जेठ, त्यांच्याशी ती आयुष्यात थेट बोलली नव्हती. त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला. वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. चार.

ते खाटेवर बसले. म्हणाले, पोरीने केलं ते काही वाईट नाही केलं. वाईट माणूस नव्हते ते. भावाच्या पोरासाठी नंदुरबार, भुसावळ पालथं घालून आले होते. पण त्यांना कानबाईची भीती होती. "जो नही, त्यानी मूठ बाईसमोर कशी ठेवानी?" ते म्हणाले. तसं केलं तर घराला सुतक लागतं. असला तर येऊन खाईल. नसला तर दोष.

माय माझ्याकडे वळली. मोठे बाबा तीन हातांवर बसले होते, पण ती माझ्याशी बोलली. "मोठा बाबास्ले इचार, तो नही अशी खबर त्यास्ले शे का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलंच होतं, तरी मला ते त्यांना विचारावं लागलं. तशी रीत होती. मी विचारलं.

ते म्हणाले, "खबर नही."

"मालेबी नही," माय मला म्हणाली. "मंग जिले खबर शे, तिले ठरवू द्या म्हना."

मी ते म्हटलं. शब्द माझ्याच तोंडून गेले, म्हणून असेल, पण ते मलाच कुणीतरी सांगितल्यासारखे लागले. जिला माहीत आहे, तिला ठरवू द्या. मोठ्या बाबांनी गुडघ्यांवर हात टेकले, उठले, आणि मला म्हणाले, वाच बेटा, चक्कीवाला वाट बघतोय.

मी वाचलं, सुरेश.

मायने हात बाहेर काढला. मूठ भरली. मनगटावर गव्हाच्या टोकांचे बारीक खळगे पडले होते, हात लाल झाला होता. ती मूठ तिने डब्यात सोडली, मग चिमटीने पाव. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुनी यादी तू लिख. कोन शे आनि कोन नही, ते बाई पाही."

आता कपाटाच्या दारावर खालून पाचवा तो कागद आहे. चार नावं सरळ रेषेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे, बाण काढून, बारीक अक्षरात पाचवं. आयुष्यात मी इतक्या याद्या केल्या, खाडाखोड असलेली एकही ठेवलेली नाही. ही मायने ठेवली.

भाऊच्या वाट्याचा रोट मी खायचा, हेही तिनेच ठरवलं. पौर्णिमेच्या आत संपायला हवा, वाया जायला नको, आणि नाव तूच पुसलं होतंस. हे शेवटचं ती हसत म्हणायची, पण म्हणायची. जाड रोट, वरून कडक, आत गुळाचा ओलावा. तिसऱ्या दिवशी दुधात कुस्करावा लागे, सहाव्या दिवशी दातांनी लढावं लागे. मी दहा वर्षं तो खाल्ला.

त्या वर्षांत तिने नवस केला नाही. बायका सांगायच्या, अमक्या देवीला बोल, तमक्या डोंगरावर अनवाणी जा. माय म्हणायची, बाईशी सौदा करायचा नाही. ती उपास धरत नव्हती, फोटोसमोर बसत नव्हती. घरी साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांचे मागचे लोंबते धागे कापून द्यायचं काम. सकाळपासून कात्रीची कच् कच्, मांडीवर पाच मीटरची साडी सरकतेय, पायाशी रंगीत धाग्यांचा ढीग वाढतोय. एकदा मी विचारलं, तुला कंटाळा येत नाही वाट बघून? कात्री न थांबवता म्हणाली, "काम करता करता वाट पाहानी. नुसती पाही ते डोया दुखतस." डोळे दुखतात म्हणे. त्यानंतर मी तो प्रश्न विचारला नाही. आणि आता लक्षात येतं की मी माझं अख्खं आयुष्य त्याच एका सल्ल्यावर चालवलं आहे.

कॉलेजात असताना कुणीतरी सांगत आलं की पलसाण्याच्याच एका कारखान्यात तसा माणूस आहे. बाप तेव्हा खाटेवर होता. मी गेले. नेहमीप्रमाणे यादी केली: हायवेच्या कडेचे अकरा कारखाने, क्रमाने. दोन दिवसांत अकरा दारं. वाफेने भरलेल्या शेडमध्ये उघड्या अंगाची माणसं ओल्या कापडाच्या घड्या उचलत होती, कोपरापर्यंत निळी, कोपरापर्यंत पिवळी, आणि मी प्रत्येकाचा चेहरा बघण्याआधी हात बघत होते. अकराव्या नावावर रेघ मारली आणि बसने परत आले. माय दारात होती. काही न विचारता तिने माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ. मग सोडलं.

"तोच वास शे," ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली.

तेविसाव्या वर्षी माझं लग्न झालं. मुलीचं लग्न झालं की ती दुसऱ्या भाऊबंदकीत जाते, तिला माहेरचा रोट चालत नाही. हेही नियमातच. तरी दर श्रावणात मी अडाजणच्या सासरहून बसने भेस्तानला येत राहिले, यादी लिहायला आणि वाचायला. रोट खायला नाही. भाऊचा रोट मग माय एकटी खायची. दात कमी झाले तसं दूध वाढलं. बाप गेला, वर्ष सरल्यावर यादीतून त्याचं नाव गेलं. मोठे बाबा गेले, त्यांचंही गेलं. दिलीपचं लग्न झालं, त्याचा मुलगा हर्ष यादीत आला. गोकुळला दोन मुलगे झाले, जय आणि क्रिश, तेही आले. मायचा हात लहान होत गेला. शेवटच्या वर्षी तिच्या मुठीत पूर्वीच्या निम्मे गहू मावत होते. मी म्हटलं, मी घेते मूठ. ती म्हणाली, तू परक्या घरची.

तो आला नाही. हे मी इथे स्पष्टच लिहिते, म्हणजे कुणी वाचताना वाट बघायला नको. माय जायच्या आदल्या आठवड्यापर्यंत शुद्धीत होती, बोलत होती, शेजारणीच्या सुनेला फोडणीबद्दल सूचना देत होती. भाऊबद्दल ती काही बोलली नाही. ती निराश होती असं मला दिसलं नाही. तिने काम पूर्ण केलं असंही दिसलं नाही. चालू काम दुसऱ्याच्या हाती देऊन माणूस उठतं, तशी गेली.

आणि ते काम आता माझ्या हातात, खाडाखोड केलेला कागद लावलेल्या दाराशी.

साडेअकराला दिलीप आणि त्याची बायको वासंती आले. पेटी न्यायला रिक्षा खाली उभी होती. मुलीच्या घरी कानबाई बसत नाही, तेव्हा ती त्यांच्याकडे जाणार हे ठरलेलंच होतं. मागच्या वर्षी मायच्या जाण्याला वर्ष झालं नव्हतं म्हणून बसली नाही. यंदा पहिल्यांदा कोसाडला. वासंती नंदुरबारची, चाळिशीची, एका कापडदुकानात साड्यांच्या घड्या आणि पॅकिंगचं काम बघते. ती माझ्यासारखीच आहे, हात आधी, तोंड नंतर. तिने पेटीतलं एकेक उचलून कापडात बांधलं. दिलीप म्हणाला, ताई, यंदाची यादी तेवढी लिहून दे.

मी पर्समधून कागद काढला. वयाने लिहायची. पेन टेकवलं आणि थांबले.

मोठे बाबा नाहीत, बाप नाही. म्हणजे पहिलं नाव सुरेश. इतकी वर्षं तो तिसऱ्या जागेवरून वर सरकत होता, आणि मायच्या शेजारी बसून वाचताना ते मला कधी दिसलं नव्हतं. जो नव्हता, तो आता भाऊबंदकीतला सगळ्यांत मोठा पुरुष होता.

मी लिहिलं. मग दिलीप, गोकुळ, हर्ष, जय, क्रिश. सहा.

दिलीपने कागद घेतला. सुरेश गेला तेव्हा तो दुसरीत होता. त्याला भाऊचा चेहरा आठवत नाही; खांद्यावर बसवलेलं आठवतं, आणि पाय धरलेले हिरवे हात. "ताई, सदतीस वर्षं झाली," तो म्हणाला. पुढे म्हणाला की काकू होती तोवर ठीक होतं. आता घरात मुलं विचारतील, पहिलंच नाव कुणाचं. गोकुळच्या बायकोला तर माहीतच नाही. आणि बाईसमोर उगाच दोष नको. मोठे बाबाच बोलत होते, फक्त शर्ट वेगळा होता.

मला खरं सांगायचं तर त्याच्याशी वाद घालायची इच्छा नव्हती. शाळेत मी आजही नावं कमी करते. खानदेशातली कुटुंबं येतात, जातात. पोरं गुजराती शाळेत जातात, गावी जातात. पट खरा ठेवावा लागतो. ते मी न थरथरता करते. दिलीपच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. तेराव्या वर्षी म्हटलंही होतं.

"तो नाही, अशी तुला खबर आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं. पुढचं मी बोलले नाही. ते मायचं वाक्य होतं आणि माझ्या तोंडी ते उसनं वाटलं असतं. मला ज्याची खात्री आहे तेवढंच मी बोलते, आणि मायइतकी खात्री मला कानबाईची कधी नव्हती. पण मायची होती. तिच्या हाताची होती.

दिलीपने कागदाची घडी करून खिशात ठेवली. होही म्हणाला नाही, नाहीही नाही. वासंतीने पेटीला कुलूप लावलं आणि दोघं जिना उतरले. मी नवव्या कामावर रेघ मारली. दारावरचे कागद काढता आले नाहीत, खळ पक्की होती. ओल्या फडक्याने एकच सोडवला, खालून पाचवा. कपाट बाकीच्यांसकट भंगारवाल्याने नेलं. चौदावं काम, किल्ली, दीड वाजता झालं.

नागपंचमीनंतरचा शनिवार. मी शाळेत होते. टेबलावर आठवीची हजेरी उघडी होती, महिन्याची बेरीज चालू होती. अकराला फोन आला. वासंती.

म्हणाली, ताई, न्हाऊन बसलेय पाटावर. गहू समोर आहेत. हे कामावर गेलेत, मुलं क्लासला. कागद आहे, पण काकू कधी वाचून घेत नव्हत्या ना, ऐकून घ्यायच्या. मग तुम्हीच वाचा. फोन खाली ठेवते स्पीकरवर, हात गव्हात आहेत.

मी विचारलं, कागद तोच आहे ना?

"तुम्ही वाचा तर," ती म्हणाली.

मी पेनचं टोपण लावलं. शिपायाला हाताने थांब म्हटलं. तिकडे कोसाडच्या तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी कुकरची शिटी झाली, कुणाच्यातरी घरी गुजराती बातम्या चालू होत्या. मग तेही मागे गेलं. तिचा हात परातीत आहे, हे मला दिसत होतं. यादी माझ्याजवळ नव्हती. लागत नव्हती.

"सुरेश," मी वाचलं.

क्षणभर काही नाही. मग पितळेवर गहू पडल्याचा आवाज आला, आधी मोठा, सलग. आणि थोडं थांबून बारीक, चिमटीचा.

"घेतली," वासंती म्हणाली. "पुढचं?"